सर्वांसाठी मोकळी जागा

धम्मदिना कामतघरच्या बोळातून आत शिरली आणि समोर बघून तिचं डोकंच फिरलं. अंगणात पुन्हा टेम्पो उभा होता. तिने स्वतः उभं राहून बसवून घेतलेल्या कडाप्प्याच्या बाकांवर कोऱ्या कापडाच्या गाठी रचल्या होत्या. बदामाच्या रोपाभोवतीच्या कुंपणावर कुणीतरी शर्ट वाळत घातला होता. तेवढा शर्टच काय तो माणसाचा, बाकी सगळा माल.

मागच्या खेपेला सुताची पोती होती. त्याच्या आधी लूमवर चढवायचे जाडजूड बीम. दर वेळी ती आरडाओरडा करायची, माल हलायचा, आणि तिची पाठ फिरली की दुसरा यायचा. भिवंडीत जमिनीचा रिकामा तुकडा दिसला की त्यावर काहीतरी आणून टाकल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. हे तिला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, ती इथेच वाढली होती. पण आर्किटेक्ट झालं की माणूस स्वतःच्या नकाशावर जरा जास्तच विश्वास ठेवायला लागतो.

अंगण होतं दौलतशेठच्या चार इमारतींच्या मधे. दौलतशेठ मूळचे अंजूरचे. खाडीकाठची भातशेती गेली, तिथे गोदामं उभी राहिली आणि दौलतचे दौलतशेठ झाले. कामतघरची त्यांची जुनी चाळ पाडून नव्या इमारती बांधायचं ठरलं, तेव्हा मधल्या चौकोनात त्यांना आणखी एक गोदाम हवं होतं. तिथे माणसांसाठी अंगण ठेवा म्हणून धम्मदिनाने त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी शेठ कंटाळले.

"बरं बाय, ठेव तुजं अंगण," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत बघतो. माणसं बसली तर राहू दे. माल पडला तर वर पत्रा टाकतो न् भाड्याने देतो. मालच पडायचा आसंल तर माझ्या पत्र्याखाली पडू दे ना."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

आणि तिचा हट्ट काही कॉलेजच्या पुस्तकातून आलेला नव्हता. त्याच जुन्या चाळीत तिची आई, द्रौपदी, दिवसभर उंबऱ्यात बसून कापडाचे लोंबते धागे कापायची. तयार कापडाचा गठ्ठा एका बाजूला, कातरलेलं दुसऱ्या बाजूला आणि पाय बोळात. बोळ इतका चिंचोळा की येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "पाय आत घ्या." पाणी भरायला निघालेली बाई म्हणायची, शिफ्टवरून परतणारे कामगार म्हणायचे, शाळेतून आलेली धम्मदिनाही म्हणायची, "आई, पाय आत घे." आईचे गुडघे गेले ते या पाय दुमडण्यानेच, असं तिचं ठाम मत होतं. डॉक्टरांचं काहीही म्हणणं असो. आईला पाय लांब करून बसता यावं, एवढ्यापायी तो अख्खा नकाशा काढला होता. आणि आता दिवाळी तोंडावर आली होती.

"भैया, ये क्या है?" तिने टेम्पोवाल्याला विचारलं.

टेम्पोवाल्याचं नाव मुख्तार. भला माणूस, आवाज चढवणारा नव्हे. "माल है, मॅडम."

"वो दिखता है मेरेको. इधर कायको उतारा? बोर्ड नहीं दिखता?"

"बोर्ड देख के ही तो उतारा."

बोर्ड अंगणाच्या तोंडाशी होता. निळ्यावर पांढरी ठसठशीत अक्षरं, 'सर्वांसाठी मोकळी जागा'. तिनेच लावला होता, माल येऊ नये म्हणून.

"सर्वांसाठी समझ गए, सबके लिए," मुख्तार समजावून सांगायला लागला. "मोकळी नहीं समझे, तो खाला से पूछा. खाला बोलीं, खाली. तो हमने खाली कर दिया."

भिवंडीत गाडी येते ती भरायला, नाहीतर खाली करायला. खाली या शब्दाचा टेम्पोवाल्याला दुसरा अर्थ कशाला लागतो? म्हणजे इतके दिवस तिचा बोर्ड गावातल्या तमाम टेम्पोंना आमंत्रण देत होता. या, सर्वांनी या, इथे माल उतरवा. तिने पैसे मोजून, निळा रंग पसंत करून लावलेला बोर्ड!

"ही खाला कोण? कुणाची मावशी?" रागाच्या भरात ती मराठीतच ओरडली.

मुख्तारने हात केला. बाकाच्या टोकाला, गाठींच्या आडोशाला, तिची आई बसली होती. मांडीवर कापड, हातात कातर.

"आई! तू सांगितलंस त्यांना?"

"मग? मोकळीला हिंदीत खालीच म्हणतात ना?" द्रौपदीने मान वर केली. "मला त्याने विचारलं, मी सांगितलं."

"आणि माल उतरत होता तेव्हा बघत बसलीस?"

"मला वाटलं तूच बोलवलं आसंल. बोर्ड तर तूच लावला. आणि गाठींची सावली पण चांगली पडते गं."

धम्मदिनाला तिथेच भोकाड पसरावंसं वाटलं. परक्याशी भांडता येतं. ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तीच मालाच्या सावलीत सुखाने बसली असेल तर भांडायचं कुणाशी? तिने गाठी हलवायला लावल्या, बोर्ड उचकटला आणि तो काखोटीला मारून तशीच शेठच्या ऑफिसात गेली. दुसरं कुणी सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.

शेठ पोट धरून हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "मोकळी कशाला लिवतेस? मोकळी म्हंजे कोणाचीच न्हाय."

"मग काय लिहू? अंगण?"

"कोणाचं अंगण? तळमजल्यावाले म्हणतील आमचं."

"चौक?"

"उद्या रिक्षा लागतील."

"मैदान?"

"काचा फुटतील." शेठने उचकटलेला बोर्ड उलटा करून ठेवला. "खळा लिव. आमच्या अंजूरला व्हता, गावाचा. तिथं भात झोडायचा, लग्नाला मांडव पण तिथंच. चपला घालून खळ्यात कोण जात नसे. माझा बापूस मोठा तालेवार, तो पण बाहेर काढायचा."

धम्मदिनाला ते मनापासून आवडलं. सर्वांचं असूनही ज्याचा मान राखतात, असं काहीतरी तिला हवंच होतं. दोन दिवसांत नवा बोर्ड लागला, 'हा खळा सर्वांचा आहे'. मग ठाण्यातल्या ऑफिसच्या कामांत ती अडकली. तिकडून टेम्पोची बातमी आली नाही, तेव्हा तिला उगाचच हुरूप आला.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी दौलतशेठ तिला घेऊन बघायला आले. ती त्यांच्या पुढे होऊन बोळातून आत शिरली. तिने समोर पाहिलं. गाठी नाहीत, पोती नाहीत, बीम नाहीत. फरशी लख्ख झाडलेली. बदामाला नवी पानं आलेली.

माणसंही नव्हती.

नाही म्हणायला पायरीशी भाविका उभी होती, वरच्या मजल्यावरची, अंबाडीहून लग्न होऊन आलेली. हातात ओल्या पापडांचं ताट आणि पायात चपला नाहीत.

"इथे का उभी आहेस? आत ऊन आहे, घाल ना वाळत," धम्मदिना म्हणाली.

"विचारल्याशिवाय कसं घालू? खालांचा डोळा लागलाय."

"कुणाला विचारल्याशिवाय?"

उत्तर मुख्तारने दिलं. टेम्पो बाहेर बोळाच्या तोंडाशी लावून तो चहा पीत होता. "नया बोर्ड पढ़ा ना, मॅडम. खाला, सबकी खाला. पहले बतातीं कि खाला की जगह है. किसी की खाला के सर पे कोई माल गिराता है क्या? हमने सब गाड़ीवालों को बोल दिया."

मुख्तार खळा वाचायला गेला आणि खळ्याची खाला झाली. सगळ्यांची. आणि दिवसभर तिथे बसणारी खाला एकच होती. द्रौपदीनेही हो-नाही न करता मुलूख ताब्यात घेतला. क्रिकेटची पोरं हाकलली, पापडाला वार ठरवून दिले, चपला पायरीच्या बाहेर.

"शेठ, हे असं नव्हतं ठरलं," धम्मदिना म्हणाली. "हे सर्वांचं आहे. विचारायचं कशाला कुणाला? मी चारही बाजू उघड्या ठेवल्या त्या कशासाठी?"

दौलतशेठने बूट काढले, मोज्यांवर आत जाऊन एक चक्कर मारली आणि परत आले.

"पत्रा न्हाय टाकत," ते म्हणाले. "राहू दे."

"पण माणसं कुठे बसलीत?"

"बसतील. आदी माल तर गेला." बुटात पाय घालता घालता ते म्हणाले, "कोणाची तरी हाय, म्हणून जागा वाचली, बाय. तुजी सर्वांची व्हती तवा रोज टेम्पो."

ते गेले. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो काही होईना. तिला चीड आली होती, शेठची, मुख्तारची, बोर्डाची आणि सगळ्यात जास्त आईची. आज तिला चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून तिने चपला काढल्या, त्याही नाइलाजाने, आणि आत गेली.

बोळातून न दिसणाऱ्या आतल्या बाकावर कापडाचा भलामोठा गठ्ठा होता, धागे कापायचा. शेवटी माल होताच. द्रौपदी खाली फरशीवर, बाकाला पाठ टेकून बसली होती. चाहूल लागली तसे तिने डोळे उघडले.

"आलीस? बस ना. वर माल हाय, खाली बस."

खाली बसायला सावलीतली एकच जागा होती, आईच्या पलीकडे, भिंतीलगत. मधे आईचे पाय होते. दोन्ही सरळ, लांबच्या लांब पसरलेले, टाचा फरशीवर सैल टाकलेल्या. पलीकडे जायचं तर ते पाय आडवे येत होते. आई तिच्याकडे बघत होती, पण पाय हलवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"पा..." धम्मदिनाच्या तोंडून निघालं.

तिने ओठ मिटले. बाकाला मोठा वळसा घातला आणि पलीकडून येऊन आईशेजारी बसली.