एकावन्न मिनिटांचा थांबा

कार्यालयात तिला सगळे मोजणीबाई म्हणत, आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वासच बसत नसे, मग राग कशाचा यायचा? त्या वर्षी बारा शहरांच्या वाहतुकीत कोण किती हुशार हे ठरवणारा अहवाल निघायचा होता, आणि आपल्या शहराचे आकडे जुळवायचं काम तिच्या टेबलावर येऊन पडलं.

तिसरा नंबर कुठे गेला नाही, असं सगळे धरून चालले होते. कच्च्या यादीत आला नववा. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला तिला दोन दिवस लागले: दवाखान्यासमोरचा एक थांबा. थांब्याच्या छताला कॅमेरा होता. माणूस आला की तो घड्याळ सुरू करी, गेला की बंद. त्याला तोंडं दिसत नसत, नुसते ठिपके. नियम असा की शहरातला जो थांबा सगळ्यात रखडवेल, त्यावरून गुण कापायचे. आणि इथे ठिपके रोज सकाळी सरासरी एकावन्न मिनिटं ताटकळत होते.

अशा वेळी शहाण्या माणसाने उठून थांब्यावर जावं की नाही? पण बाईसाहेब पडल्या आकड्यांच्या माणूस. त्यांनी खुर्चीतूनच निदान केलं: ऐसपैस बाक आहे म्हणून लोक रेंगाळतात. बाक काढा, टेकायला आडवा दांडा लावा. साहेबांनी सही ठोकली. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता शहराचा अहवाल जायचा होता, त्याआधी 'उपाय केला' असं लिहिता यावं म्हणून ती सकाळी अकराला दोन कामगार घेऊन स्वतःच निघाली.

तिचं चित्त मात्र घरी होतं. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि आई बोलायची ती हो-नाहीपुरती. जेवलीस का, हो. डॉक्टरकडे जायचं का, नको. रोज सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडायची, तेवढंच काय ते बरं. तिला पुन्हा बोलतं कसं करावं हे कुठल्याच तक्त्यात सापडत नव्हतं.

थांब्याच्या अलीकडेच तिला हसू ऐकू आलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंतचं हसू. ते आईचं आहे हे ओळखायला तिला चार पावलं जास्त चालावी लागली.

बाकावर पाच जणं दाटीवाटीने बसली होती. मधोमध आई. एका बाजूला निवृत्त भूगोलाचे मास्तर, कुणाची तरी नक्कल करत होते. लेकीला बघून आई जराही ओशाळली नाही. उलट सगळ्यांना सांगितलं, ही माझी मुलगी, बसचं सगळं हीच बघते. मग कुणी तिच्या हाती चहाचा कप दिला, कुणी कामगारांना जागा करून दिली. दोघांनी नट खोलायचे पाने पिशवीत ठेवले आणि निमूट टेकले. कशासाठी आलो हे सांगायला तिची जीभ रेटेना.

तेवढ्यात बस आली. दार उघडलं, आत निम्मी आसनं रिकामी. कुणी हललं नाही. चालकाने ओळखीचा हात केला आणि तो निघून गेला. सवयीने तिने घड्याळ लावलं. सहा मिनिटांनी पुढची आली. तीही गेली. मग तिसरी.

"आई, तीन बस सोडल्यास तू."

"अगं, सहा मिनिटांत पुढची येतेच ना," आई म्हणाली. "इथे कधी चुकली नाही बघ. चुकत असती तर पहिलीच धरून घरी गेले असते, आणि बसले असते भिंतीकडे बघत."

मोजणीबाईंना आधी लाज वाटली, मग इतका आनंद झाला की कपातला चहा हिंदकळला. तिने तिथूनच साहेबांना फोन लावला.

"साहेब, इथे एकावन्न मिनिटं कुणी बसची वाट बघत नाही. माणसं बस सोडून देतात. पुढचीचा भरवसा नसेल तिथे कुणी हातची बस सोडेल का? आपला सगळ्यात चांगला थांबा आपण सगळ्यात वाईट म्हणून लिहिलाय."

पलीकडे साहेबांनी नियमावलीची पानं उलटली. मग म्हणाले की नियमात याला रकाना नाही, नंबर नववाच राहील, वरून बोलणी खावी लागतील ती वेगळीच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हे असंच्या असं अहवालात लिहिणार म्हणून सांगितलं.

"लिहा," साहेब म्हणाले. "खाली मी सही करतो. बाक काढला का?"

"कसा काढणार? आई बसलीये त्यावर."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. कामगार पिशवी उचलून पुढच्या बसने गेले. तीही उठली, अहवाल पाचला जायचा होता. आईने तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं आणि मास्तरांना म्हणाली की ती मघाची नक्कल पहिल्यापासून करा, हिने ऐकली नाही.