रुळाला लावलेला कान

खाडीकाठच्या गावांतून पनवेलला जाणारी छोटी गाडी पुलावर नसेल, तेव्हा पूल बायांचा. सडकेने वळसा फार, म्हणून बाजाराला निघालेल्या बाया रुळांमधूनच जात. रीत एकच. आधी जनीबाईने वाकून रुळाला कान लावायचा.

"गाडी नाय," जनीबाई उठत म्हणाली. "चल सूनबाय. का पालखी मागवू?"

मनिषा तिची नवी सून. डोक्यावर शेवग्याच्या शेंगांची पाटी, नजर मात्र रुळांखालच्या स्लीपरांच्या फटींतून दिसणाऱ्या पाण्यावर. भरती चढत होती आणि तिला पोहता येत नव्हतं.

पुलाच्या मध्यावर तिच्या तळव्यांना मुंग्या आल्या. भीतीनेच पाय कापताहेत, असं तिला वाटलं. पण पुढे चालणारी जनीबाईही थांबली होती. मागे तिवरांच्या वळणाआडून शिट्टी आली.

"आई, तुम्ही तर..."

"पाटी टाक!"

रुळांच्या खाली पुलाच्या दगडी खांबाचा माथा हातभर बाहेर आला होता. जनीबाई त्यावर उतरली, तिने सुनेला ओढलं. मनिषाचे पाय दगडाला टेकले, पण मूठ रूळ सोडेना. लोखंड हातात थरथरत होतं. सोड, सोड, असं ती स्वतःलाच सांगत होती, बोटं ऐकत नव्हती. जनीबाईने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मूठ सुटली आणि चाकं डोक्याजवळून गेली.

पुलापलीकडे गाडी किंचाळत थांबली. गार्ड धावत आला.

"आजी, मरायचं होतं काय?"

"मेल्या, उशिरा शिट्टी मारतंस, वर मलाच बोलतंस? रूळ गप होता. मी ऐकला!"

"गपच असणार. वळणावर रुळांत म्हैस बसली होती. तिला उठवेपर्यंत गाडी उभीच होती."

जनीबाईचा हात कानाकडे गेला. याच कानाच्या भरवशावर तिने अख्ख्या गावातल्या बायांना या पुलावर घातलं होतं. कालच पोटुशी असलेली मोठी सून याच वाटेने आली होती.

गार्डने दोघींना वर घेतलं. "चला, डब्यात बसा."

जनीबाई स्लीपरवर बसली आणि हात टेकून, बसल्याबसल्याच, एकेका फटीवरून पुढे सरकू लागली.

"अहो आजी, आता कुठली गाडी येते? या मार्गावर एकच तर आहे, ती समोर उभी आहे!"

जनीबाईला ते पटलं. तिने तशी मानही हलवली. पण पूल संपेपर्यंत ती उठली नाही.