दिवेलागणीची लाग

विपुल पहिल्यांदा ओरडला तेव्हा कृष्णाबाई तुळशीपुढे दिवा लावत होती. "लॅग हाय रे! लॅग हाय!" असं तो मोबाईलवरच्या मित्रांना सांगत होता. आपण बोट फिरवावं आणि खेळातला माणूस दोन सेकंदांनी हलावा, याला ती पोरं लॅग म्हणतात. कृष्णाबाईच्या कानाला मात्र ते 'लाग' ऐकू आलं. आता खाडीकाठच्या कुठल्याही म्हातारीला विचारा, लाग म्हणजे काय ते. बाहेरचं काहीतरी माणसाला धरतं आणि सोडत नाही, ती लाग. पोरगा स्वतःच्या तोंडानं सांगत होता आणि तेही ऐन दिवेलागणीला. तिच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वी हा विपुल ट्रेलर चालवायचा. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि कुठं कुठं नेऊन टाकायचा. एका संध्याकाळी खाडीपुलाच्या वळणावर ट्रेलर उलटला आणि कंबरेखालचं सगळं गेलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. नवरा बुधाजी मिठागरात राबून आधीच गेलेला, मुलगी कल्पिता पेणला दिलेली, म्हणजे घरात दोघंच. पहिला महिनाभर गाव लोटलं होतं. मग चार जण यायचे, मग दोघे, मग कोणी नाही. लोक काही वाईट नसतात, त्यांना कामं असतात एवढंच.

वर्षभर विपुल भिंतीकडे तोंड करून पडून होता. 'जेव' म्हटलं की जेवायचा, 'वळ' म्हटलं की कुशीवर वळायचा. मग कल्पितानं घरात इंटरनेट घ्यायला लावलं आणि तो त्या लढाईच्या खेळात शिरला. चौघांची टोळी जमली. माणगावचा ओंकार, श्रीवर्धनची मृणाली, साताऱ्याची राही आणि हा, त्यांचा दादा. कोणी कोणाला बघितलेलं नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की दादासारखा पळणारा दुसरा कोणी नाही. खेळात विपुल कुंपणावरून उड्या मारायचा, गोळ्या चुकवत शेतं ओलांडायचा, पडलेल्याला खांद्यावर टाकून आणायचा. संध्याकाळ झाली की तिन्ही पोरांच्या आवाजानं घर भरायचं. ओंकारची आई त्याला जेवायला कितीदा हाका मारते, ते कृष्णाबाईला पाठ झालं होतं.

आणि आता त्यांची स्पर्धा आली होती. राज्यभरातल्या टोळ्या, पंधरा दिवस, रोज संध्याकाळी आठचा सामना. त्यातून निवडलेल्यांना पुढची फेरी. विपुल रोज दाढी करून, केस विंचरून खेळायला बसायचा. बघायला कोण होतं? पण बसायचा. पोरगा पुन्हा माणसात आला म्हणून कृष्णाबाई मनातल्या मनात त्या मोबाईलचे आभार मानायची. नेमकी तेव्हाच ही लाग लागली.

विपुलनं काय काय करून बघितलं म्हणता! राउटर बंद करून चालू केला. कपाटावरून काढून उशाशी आणला. लांब वायर मागवून मोबाईलला जोडली. घरातला टीव्ही बंद ठेवला. कल्पिता स्वतःचा नवा फोन ठेवून गेली, त्यावरही तेच. सिमकार्डाचं नेट वापरावं तर रेंज येते फक्त परसात, रामफळाच्या झाडाखाली, आणि तिथवर याला रोज उचलून कोण नेणार? केबलवाला चंदर येऊन गेला. त्यानं स्पीड तपासला, शंभराला ब्याण्णव.

"लाइन एक नंबर हाय, काकी," चंदर म्हणाला. "याचा खेळच जड असंल."

"मग दुपारी कसा चालतो?" विपुलनं विचारलं. "हे बघ, कोपऱ्यातला आकडा, जितका मोठा तितका उशीर. दिवसभर चाळीस, हिरवा. सातच्या ठोक्याला चारशे, लाल. अकराला परत चाळीस."

चंदरनं डोकं खाजवलं आणि दुसऱ्या घरचं काम आठवून तो गेला. कृष्णाबाई दारात उभी होती.

"दुपारी नसते?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाय ना आय. साताला येते, अकराला जाते. रोज."

याहून स्पष्ट काय सांगायचं राहिलं होतं? दिवेलागणीला येणारी आणि निजानीज झाल्यावर जाणारी. ट्रेलर उलटला तोही दिवेलागणीलाच. पुलावर तेव्हाच नारळ द्यायचा होता, पण दवाखान्याच्या धावपळीत राहून गेला, ही टोचणी तिच्या जिवाला दोन वर्षं होती. दुसऱ्या दिवशी तिनं पुलावर नारळ दिला आणि तशीच गावदेवीच्या देवळात गेली. "माझ्या बालाची लाग जाईतवर मी मासली तोंडात घालनार न्हाय," असं बोलून आली.

ज्यांना आगरी घरातलं जेवण ठाऊक नाही त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. भाताचं शेत आणि शेताच्या कडेला जिताड्याचं तळं, अशा घरात जन्मून तशाच घरात नांदलेली ती बाई. तापात पेजेबरोबर तिला सुकट लागायची. आता ती विपुलच्या ताटात तळलेले बोंबील वाढायची आणि आपण आमटीत भात कालवून चुलीकडे तोंड करून जेवायची. नवस बोलून दाखवायचा नसतो म्हणून तिनं पोराला काही सांगितलं नाही. विपुलचं सगळं लक्ष त्या लाल आकड्यावर, त्यामुळे त्याच्याही ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी आठच्या सामन्यात आकडा हिरवा राहिला. विपुल असा खेळला की मृणाली आनंदानं किंचाळत होती. कृष्णाबाईनं तिथूनच देवीच्या दिशेला हात जोडले. विपुल घामानं डबडबला होता, तिच्याकडे वळून हसला. कितीतरी दिवसांनी तिनं त्याचे वरचे दात बघितले.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली न्हाय, चुकवली," तो म्हणाला. "सापडलं मना आय. कंपनीच करते मुद्दाम. गणपतीत हायवेवर आमच्या अवजड गाड्या कशा बंद करायचे? वडखळला बाजूला लावायला सांगायचे आणि मोटारी सोडायचे. तसंच हे. संध्याकाळी सगळं गाव याच वायरवरून टीव्हीवर मालिका बघतं, ती अडकू नये म्हणून खेळाची गाडी बाजूला लावतात. स्पीड तपासायला गेलं की ती गाडी पहिली सोडतात, म्हणून चंदरला रस्ता मोकळा दिसतो. मी आज मालावर ताडपत्री टाकली. व्हीपीएन म्हणतात. आत काय हाय ते नाक्यावर कळलंच न्हाय."

साडेसातची मालिका कृष्णाबाईही बघायची. तिला एकदम चोरट्यासारखं झालं.

"पण अडवतो कोन?" तिनं विचारलं.

"कोणी माणूस न्हाय तिथं. नियम घालून ठेवलाय."

ती त्यावर बराच वेळ विचार करत राहिली. भूत असतं तर त्यानं कोंबडा मागितला असता, दारू मागितली असती, निदान अंगात येऊन शिव्या दिल्या असत्या. या नियमाला काही नकोच होतं. तिनं नवस तसाच ठेवला. लाग भुताची असो की कंपनीची, देवीला जे बोललो ते बोललो.

दोन दिवसांनी ताडपत्रीच्या गाड्याही अडवायला लागले. विपुलनं तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं की आपल्याला पूर्ण वेग मिळत आहे, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. दुसऱ्या कंपनीची वायर गावात नव्हती. तो पुन्हा लाल आकड्यावर खेळायला बसला.

त्या संध्याकाळचं बोलणं कृष्णाबाई मरेपर्यंत विसरायची नाही. ती लसूण सोलत होती. खेळात ते चौघे कुठल्याशा पडक्या घरात अडकले होते. ओंकार ओरडत होता, "दादा, पळ! आमच्या मागून ये!" विपुलची बोटं काचेवर झरझर फिरत होती, आणि चित्रातला त्याचा माणूस दारात नुसता उभा. राही मेली. मृणाली दादाला न्यायला परत आली, तीही मेली.

"अरे उभा काय राहतोस?" ओंकारचा आवाज घरभर घुमला. "रोज ऐन वेळी उभा! पाय मोडलेत काय तुझे?"

कृष्णाबाईच्या हातातला लसूण खाली पडला. विपुल हसला. मोठ्यानं, मित्रांबरोबर हसावं तसा हसला. "मोडलेत वाटतं," तो म्हणाला. "सॉरी रे." आणि त्यानं मोबाईल छातीवर पालथा घातला. पोरांचे आवाज त्याच्या सदऱ्यात बारीक बारीक ऐकू येत राहिले. ओंकारचा तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो काही खोटं बोलला नव्हता, आणि त्याला काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त रडू आलं, आणि तेही चुलीच्या धुराचं निमित्त करून रडावं लागलं.

रविवारी कल्पिता आली. आई अंगणात भोवळ येऊन बसकण मारताना तिनं बघितली आणि खोदून खोदून नवस काढून घेतला. 'त्याला सांगू नको' म्हटलं, पण आईचं ऐकेल ती कल्पिता कसली! आत जाऊन भावाला सगळं सांगून मोकळी झाली. कृष्णाबाईला बाहेर फक्त कुजबुज ऐकू आली. कल्पिता डोळे पुसत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला विपुलनं हाक मारली. "आय! लॅग गेली गं!"

"आता काय टाकलंस वरून?"

"काय न्हाय. आपोआप. कंपनीनं नियम काढला. पक्की गेली. जिताडा आन उद्या, मना खायचाय."

कृष्णाबाईनं देवीला ओटी भरली. तळ्यावरून जिताडा आणला, वाटण घालून कालवण केलं आणि सात वाजायच्या आधीच दोघांची ताटं घेतली. विपुल आपला घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. तिनं पहिला तुकडा तोंडात घातला तेव्हाच त्यानं आपला घातला. ते कालवण तिला अमृतासारखं लागलं, खोटं कशाला सांगू?

आठ वाजले. घरात आवाज नव्हता.

"आज सामना न्हाय?"

"सुट्टी हाय."

दुसऱ्या दिवशीही सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली नाही. चौथ्या दिवशी चार्जिंगला लावलेला मोबाईल काढताना कृष्णाबाईनं बघितलं, तर डोक्यावर लोखंडी टोप घातलेल्या माणसाचं ते खेळाचं चित्र जिथं असायचं तिथं काही नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं, पण ते चित्र ती देवाच्या चित्राइतकं ओळखायची. ती मोबाईल हातात घेऊन तशीच उभी राहिली. खेळ ठेवलाच नाही तर लाग जाणारच.

त्या संध्याकाळी तिनं मांदेली तळली आणि ताट घेऊन त्याच्या खाटेशी बसली. दोघं जेवू लागली.

"त्या पोरांनी काढला तुना?" तिनं विचारलं.

"न्हाय. मीच निघालो. त्यांना चौथा मिलाला."

"लाग गेली म्हणून मना खोटं बोललास."

"आनि तुना कलल्यावर?" त्यानं विचारलं. "खोटं हाय ठाऊक असून आता खातेस ती मासली?"

"तू बघतोयस म्हनून खातेय."

बाहेर सगळ्या घरांतून एकाच मालिकेचं संगीत येत होतं, न अडकता. कृष्णाबाईनं मांदेलीचा काटा काढून बाजूला ठेवला. मग जे इतके दिवस तिच्या ओठावर होतं ते ती बोलली. "त्या पोरांना सांगायचंस तरी, बाला. तुझ्या पायांचं. त्या ओंकारला कललं असतं तर तो तसा बोललाच नसता. त्यांनी तुना काढला नसता."

"व्हय," विपुल म्हणाला. "कधीच काढला नसता. मी उभाच राहिलो असतो आनि ते रोज हरले असते, तरी ठेवला असता."

त्यानं ताट तिच्याकडे सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"सगल्या दुनियेत तिघंच होते आय, मी पलतो असं समजणारे. त्यांना तरी तसंच समजू दे."