तळपायांची काशाची वाटी

दचकू नका, तुमच्या पायाशी बोलतेय ती मीच, एक काशाची वाटी. औशातल्या एका किराणा दुकानदाराच्या घरात माझं सगळं आयुष्य गेलं. माझ्या कडेवर टिंबाटिंबांनी नाव कोरलंय, ‘मल्लम्मास मामाकडून भेट’. मल्लम्मा लग्न होऊन आली तेव्हा मी तिच्या रुखवतात होते, आणि तिच्याइतकीच चकचकीत होते.

माझं काम साधं. तळपायाला तूप लावायचं आणि मला गोल गोल फिरवायचं. पाय काळे पडले की माणसं खूश व्हायची. म्हणायची, “बघा, किती उष्णता निघाली!” अहो, तो काळेपणा माझा आणि तुपाचा! पण वाटीचं कोण ऐकतं?

मल्लम्माचा मुलगा शिवकुमार लहान होता, ते दिवस अजून आठवतात. मी तळपायाला टेकले की तो खिदळायचा, लोळायचा आणि एका लाथेत मला ज्वारीच्या पोत्यांपर्यंत उडवायचा. मल्लम्मा रागवायची आणि स्वतःच हसायची. तसं हसू पुन्हा त्या घरात ऐकायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती.

शिवकुमारचं लग्न झालं आणि सुकन्या आली. दुपारी ती सासूचे पाय माझ्याने घासायची आणि दोघी गप्पा मारायच्या. मग सुकन्याला दिवस गेले. मल्लम्माने बजावलं, “तीन महिने कुणाला सांगायचं न्हाई. नजर लागते.” त्यामुळे गल्लीतल्या आशा कार्यकर्तीला, लुंबिनीताईलाही, कुणी काही कळवलं नाही. दुसऱ्याच महिन्यात मल्लम्मा चाकूरकडच्या एका बाईकडून पुडी घेऊन आली. ती घेतली की मुलगाच होतो म्हणे. ज्या गाईला गोऱ्हा झालाय तिच्या दुधात ती कालवायची. कालवली माझ्यात.

“उगवतीकडं तोंड कर अन् एका घोटात पी.”

“आत्याबाई, लई कडू हाय.”

“पोराच्या तोंडाकडं बघून पी.”

सुकन्या प्यायली. मला सांडता आलं नाही, याचं दुःख आजही वाटतं.

अक्षरा लातूरच्या दवाखान्यात जन्मली. तिच्या पाठीवर फुगा होता, मणका नीट मिटलेला नव्हता. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पोर वाचली, पण पायात जोर नव्हता. डॉक्टरांनी विचारलं होतं, सुरुवातीला काही औषध घेतलं होतं का? सुकन्याने सासूकडे पाहिलं आणि मल्लम्मा म्हणाली, “न्हाई.” हे मला नंतर घरातल्या कुजबुजीतून कळलं.

घरी मात्र वेगळंच बोललं जाऊ लागलं. सुकन्याने ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून असं झालं. सहा वर्षं तिने हे ऐकून घेतलं. मल्लम्माने मला फडताळावर, जुन्या डब्यांच्या मागे ठेवून दिलं.

यंदा सुकन्या आणि शिवकुमारने दुसऱ्या मुलाचं ठरवलं. चार दिवसांनी मल्लम्माने मला खाली काढलं. चिंचेने घासायला बसली तेव्हा शेजारी तशीच एक पुडी होती.

तेवढ्यात अक्षरा पायांना आधार देणारे कॅलिपर ओढत आली. “आज्जी, ही कशाची वाटी? माझ्या पायाला लाव की.”

मल्लम्माने कॅलिपर काढले, तूप लावलं आणि मला फिरवू लागली. तेच अंगण, तसेच इवले तळवे. अक्षरा दारातल्या मांजराकडे बघत होती. बराच वेळ गेला. मग तिने मान न वळवता विचारलं, “आज्जी, कधी सुरू करणार हायेस?”

मल्लम्माचा हात थांबला. पोरीच्या तळव्यांना मी फिरतेय हे कळतच नव्हतं.

त्याच वेळी लुंबिनीताई आली. सुकन्याने तिला बोलावलं होतं. तिने गोळ्या काढल्या आणि म्हणाली, “ह्या फॉलिक ॲसिडच्या. दिवस जायच्या आधीपासून घ्यायच्या. बाळाचा मणका पहिल्या महिना-दीड महिन्यातच मिटतो, बहुतेकदा बाईला कळायच्या आत. तुझं पहिलं बाळ असं हाय, तर तुला जास्त डोस लागंल. उद्या डॉक्टरांकडं चल, तेच ठरवतील. पहिल्या वेळी काही गावठी औषध घेतलं होतंस का?”

मल्लम्माने मला उचलून लुंबिनीताईसमोर ठेवलं, आणि माझ्यात ती पुडी.

“ह्याच्यातून दिलं व्हतं. मीच दिलं व्हतं. ग्रहणाचं खोटं हाय. तिनं काय बी केलं न्हाई.”

मग सुकन्या रडली, मोठ्याने, सहा वर्षांचं साठलेलं. लुंबिनीताई हळूच म्हणाली, “पुडीनंच झालं असं कुणी छातीठोक सांगणार न्हाई. गोळी बी मिळाली नव्हती. पण असल्या औषधात काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. त्यानं बाळाला धोका वाढतो. ही मी डॉक्टरांना दाखवते.” पुडी ती घेऊन गेली.

आता सुकन्याला चौथा महिना चालू आहे. पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी आहे. मल्लम्मा सोबत जाणार आहे आणि डॉक्टरांना सगळं स्वतःच सांगणार आहे. मी आता फडताळावर नाही, देवघराशेजारी असते. माझ्यात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पट्टी असते आणि सकाळी अक्षरा ती आईला आणून देते.

माझी एकच विनंती. वाटीला नको म्हणता येत नाही, पण तुम्हाला येतं. माझ्यात तूप घ्या, गोळी ठेवा, पण न कळणारं काही कालवू नका.

काल अक्षराने गोळ्या बाजूला काढल्या आणि मला घेऊन आज्जीच्या पायाशी बसली. मल्लम्माला गुदगुल्या झाल्या आणि ती पूर्वीसारखी खिदळली. इतक्या वर्षांनी तेच हसू ऐकून मी सुखावले.

अक्षरा थांबली. “आज्जी, गुदगुल्या म्हंजी कसं वाटतं गं?”

मल्लम्माने तिला ओढून मांडीवर घेतलं, तिचे तळवे सोडले, आणि जिथे तिला कळतं तिथे, गळ्याशी, बोटं फिरवली. “असं,” ती म्हणाली. पोर हसत लोळली आणि तिच्या हातातून सुटून मी घरंगळत थेट ज्वारीच्या पोत्यांपर्यंत गेले.