खालची कडी

अनिशचं तिसरं दुपटं पिळून चित्रा बाल्कनीतल्या दोरीवर टाकत होती, तेवढ्यात पाठीमागं कडी सरकल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. काचेच्या दारापलीकडे तीन वर्षांची सई उभी होती आणि स्वतःवर भलतीच खूश होती. दाराची खालची कडी लावायला ती चारच दिवसांपूर्वी शिकली होती.

"उघड, सई."

सईनं कडी ओढून पाहिली. ती हलेना. मग तिला दुसरंच काहीतरी आठवलं आणि ती हॉलमध्ये निघून गेली.

"सई! ए सई, इकडे ये!"

सकाळचे साडेदहा झाले होते. नवरा, शार्दूल, सहालाच कंपनीच्या बसनं चाकणला गेला होता, यायला साडेसात वाजणार. फोन फ्रिजवर राहिला होता. ओट्यावरच्या कुकरची पहिली शिट्टी नुकतीच झाली होती. बाथरूमचं दार उघडं, आत अर्धी बादली पाणी. आणि नऊ महिन्यांचा अनिश गेल्या आठवड्यापासून रांगत होता. मघाशी तिनं त्याला सतरंजीवर ठेवलं होतं. इथून सतरंजीचा एक कोपरा तेवढा दिसत होता. त्यावर अनिश नव्हता.

तिनं दाराला खांदा लावला. काच नुसती थरथरली. पाचपासून ती उभीच होती. डबा, बाटल्या उकळणं, सईची आंघोळ, नाश्ता, केर. केर काढला तिथंच सईनं उपमा सांडला, तो पुसेतो अनिशनं दुपटं ओलं केलं. या घरात कुठलंच काम संपत नसे, परत येण्यासाठी थोडं बाजूला व्हायचं इतकंच.

गजांना धरून तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, हाक मारायला तिच्याकडे नाव नाही. लातूरला माहेरच्या गल्लीत नुसतं 'काकू' म्हटलं असतं तरी तीन दारं उघडली असती. ताथवड्यात येऊन चौदा महिने झाले होते. शेजारच्या दाराला दिवसभर कुलूप असायचं. त्यावरची पाटी तिनं अनेकदा वाचली होती. आत्ता तीही आठवेना.

"अहो!" ती ओरडली. "अहो, कुणी आहे का?"

खाली नव्या इमारतीचं काँक्रीट कालवणारं यंत्र घरघरत होतं. दुसरी शिट्टी झाली. तिसरीही झाली.

"काय झालं?"

समोरच्या इमारतीत, त्याच मजल्यावर, एक बाई बाल्कनीत आली होती. चित्रा तिला रोज बघायची. डोक्याला टॉवेल, हातात कपड्यांची बादली. मध्ये वीस-पंचवीस हातांचं अंतर. पण बोलणं कधी झालं नव्हतं.

"दार आतून लागलंय! दोन्ही लेकरं आत आहेत, गॅस चालू आहे!"

"फ्लॅट कोणता?"

"सहाशे तीन!"

बाई आत गेली ती फोन कानाला लावूनच बाहेर आली. "तुमच्या गेटवर सांगितलंय. वॉचमन येतोय. तुम्ही पोरीशी बोलत राहा."

सई परत आली होती. चित्रा फरशीवर गुडघे टेकून तिच्या उंचीला आली.

"सईबाई, कडी आधी वर उचल. मग ओढ."

"नाही येत." सईचा ओठ बाहेर आला.

"येतं गं माझ्या राणीला. अनिश कुठाय?"

"तिकडे," सई म्हणाली. तिकडे म्हणजे कुठे, ते तिनं दाखवलं नाही.

पाचवी शिट्टी झाली. त्याच वेळी दाराची बेल वाजली आणि सई पळाली.

"कोण आहे?"

"वॉचमनकाका हाय, बाळा. आई कुठं हाय?"

"आई कामात आहे," सईनं खणखणीत सांगितलं. "नंतर या."

चित्रानं कपाळ काचेला टेकवलं. शब्द तिचेच होते. सूरसुद्धा तिचाच होता.

मारुतराव वॉचमन मावळातला वयस्क माणूस. तो घाई न करता म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे. आईला येवढा निरोप दे. म्हणावं, काका आल्यात. पळ, सांगून ये."

सई धावत आली. काचेपलीकडे तिचे ओठ हलले. "आई, काका आलेत."

चित्रानं कानाला हात लावला. "ऐकू येत नाही गं. दार उघडून सांग."

"काका आलेत!"

"काही ऐकू येत नाही."

सईला राग आला. दोन्ही हातांनी कडी उचलून तिनं ती खसकन ओढली.

चित्रानं जाता जाता गॅस बंद केला आणि बाथरूम गाठलं. अनिश उंबऱ्यावर बसून प्लॅस्टिकचा मग चाटत होता. त्याला उचलून तिनं बादली लाथेनं आडवी केली. मग जाऊन बाहेरचं दार उघडलं.

"समदं ठीक हाय न्हवं?" मारुतराव बाहेरूनच म्हणाला. "ती कडी आजच काढून टाका, ताई." पाणीसुद्धा न घेता तो लिफ्टकडे वळला.

थोड्या वेळानं, बाल्कनीच्या दारात खुर्ची अडकवून, चित्रा उरलेले कपडे टाकायला बाहेर आली. बाई अजून तिथंच होती.

"उघडलं?"

"उघडलं. तुम्ही होतात म्हणून."

"माझंही झालं होतं," बाई म्हणाली. "दिवाळीनंतर. वाऱ्यानं दार आपटलं अन् लॉक बसलं. ह्यांची फर्स्ट शिफ्ट. साडेचारला आले, तेव्हा उघडलं."

"अडकलात कधी?"

"अकराला."

चित्राच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "मी इथंच असते. हाक मारायची ना!"

बाईनं वाळत घातलेला टॉवेल पुन्हा नीट केला. "मुलगा तेव्हा गावी होता, आजीकडं. घरात काही जळत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. काय सांगून ओरडायचं?" मग जरा थांबून म्हणाली, "एकदा हात केला होता मी. तुम्ही कपडे काढत होतात. तोंडात चिमटे, खांद्यावर बाळ. तुमचं लक्ष नव्हतं."

आतून सईनं हाक दिली, "आई, शी!"

"थांबा हं," चित्रा म्हणाली. "आत जाऊ नका. आलेच मी."

सईला धुऊन, चड्डी बदलून, फरशीवर पसरलेलं पाणी पुसून, अनिशला कडेवर घेऊन बाहेर यायला तिला पंधरा मिनिटं लागली. समोर बाई मेथीची जुडी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. तिनं वर पाहिलं.

चित्रानं एका हातानं दोरीवरचे ओले कपडे सरकवत सरकवत भिंतीकडे नेले, मधून नीट दिसेल इतके.