आता माझ्यावर घुटी उगाळू नका

मी सहाण बोलतेय. पाचोऱ्याजवळच्या एका गावात, भिकुबाईंच्या स्वयंपाकघरात असते. दगडाची आहे, दबून बोलणार नाही.

भिकुबाई नव्या नवरी होत्या, तेव्हा त्यांनी मला बाजारातून आणलं. त्यांच्या लेकरांची घुटी माझ्यावरच उगाळली जायची. वेखंड, जायफळ, बाळहिरडा आणि वरून मधाचं बोट. लेकरं वाढली, म्हणून घुटी चांगली, असं घरात ठरूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांची सून हेमांगी बाळंत झाली. मुलगी फार रडायची. हेमांगी घुटी नको म्हणत होती.

"काही व्हस नही," भिकुबाई म्हणाल्या. "मना बठ्ठा पोऱ्या ह्याच घुटीवर वाढनात."

हेमांगी न्हाणीत गेली तेवढ्यात त्यांनी जायफळाचे दोन वेढे जास्तच दिले आणि पोरीला चाटवलं.

पोर झोपली ती उठेचना. दूध ओढेना, हातपाय ढिले पडले. हेमांगीने तळव्यांना टिचक्या मारल्या, हाका मारल्या. ओल्या केसांनीच ती नवऱ्याबरोबर, समाधानबरोबर, रिक्षात बसली.

पोर वाचली. दवाखान्यातून आल्यावर समाधानने आईला समोर बसवून डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. एवढ्याशा जिवाला जायफळाने गुंगी येते, मधानेही जिवावर बेतू शकतं. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही.

बारशाला भिकुबाईंची जाऊ मंदाबाई घुटीची पुडी घेऊन आली. "डाक्टरले काय समजस? आण ती सहाण!"

हेमांगीने मला उचलून पोटाशी धरलं.

"काकू, माझ्या मुलीच्या तोंडात दुधाशिवाय काही जाणार नाही. रागवायचं तर रागवा."

सगळ्या बायका भिकुबाईंकडे बघू लागल्या. त्या उठल्या, मला हेमांगीकडून घेऊन खाली ठेवलं, पाळण्यातून नात उचलली आणि हेमांगीच्या हातात दिली.

"तिले दूध पाज," एवढंच म्हणाल्या.

मंदाबाई न जेवता निघून गेली. अजून बोलत नाही.

पोर आता घरभर रांगते. माझ्यावर सणासुदीला चंदन उगाळतात, तेवढं मला पुरे. तुमच्या घरी बाळ जन्मलं आणि कुणी घुटीसाठी सहाण शोधू लागलं, तर तिला खुशाल माळ्यावर टाका. बाळाला आईपाशी द्या. कुणी न जेवता उठून गेलं, तर जाऊ द्या.