ओळखीचे डोमकावळे

"आठोन पाहा जवाई, काईतरी राह्यलं असन," किसनराव चौथ्यांदा म्हणाले. "माह्या बयनीचा जीव कशात तरी अडकून राह्यला."

सूर्यभानचं डोकं तापलं होतं. आठवून आठवून तो थकला होता. लेकीला, वर्षालीला, नर्सिंग पुरं करू देतो, म्हणून झालं. अचलपूरच्या मेहुणीला अंतर देणार नाही, म्हणून झालं. तंबाखू सोडतो म्हणाला, आणि तेही अगदी मनापासून. तिवस्याच्या नदीकाठी शकुनच्या दहाव्याचा पिंड दोन तासांपासून उन्हात वाळत होता. शेजारी तिच्या आवडीची आंब्याची फोड काळी पडत चालली होती. समोरच्या कडुनिंबावर सात डोमकावळे बसले होते आणि एकही खाली उतरत नव्हता.

त्यांना भूक नव्हती असं नाही. साध्या कावळ्यांसारखी यांची मान राखाडी नसते. जाड चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं काळंभोर. मान तिरपी करून ते एकदा पिंडाकडे बघत, एकदा सूर्यभानकडे, आणि पुन्हा अंग फुगवून बसत.

सूर्यभान वीज कंपनीत लाइनमन. बावीस वर्षं झाली. दर मे महिन्यात खांबांवरची घरटी काढायचं काम त्याच्याकडे असे, कारण हे पक्षी काटक्यांत तारेचे तुकडे विणतात, तार तारेला लागते, अर्धं गाव अंधारात जातं आणि लोक शिव्या सूर्यभानला घालतात. सहा वर्षांपूर्वी बाजारातल्या खांबावरून घरट्याबरोबर दोन पिल्लंही खाली आली. त्याचा इलाज नव्हता, पण कावळ्यांना ते कोण सांगणार? तेव्हापासून त्याच्या टाळक्यात चोच बसायची ती बसायचीच. त्याने हेल्मेट बदललं, दुसऱ्याची गाडी नेली, तोंडाला दुपट्टा बांधला. काही उपयोग झाला नाही. सोबतचे लाइनमन पोट धरून हसायचे.

शकुन मात्र रोज दुपारी कंपाउंडवर भाकरीचा तुकडा ठेवी. "तुमी त्यायची घरं मोडा," ती म्हणे, "मी त्यायले भाकर टाकत जाईन. कोनं तरी भरपाई कराव लागते ना!"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मले मोझरीले जाणं आहे. दर्भाचा कावळा करू अन् शिववून टाकू."

"गवताचा कावळा?" किसनराव उखडले. "तिनं काय गवताले भाकर चारली काय? जवाई, खरं सांगा, तुमीच तिचं काई राहू देलं!"

सूर्यभानचा संताप अनावर झाला, पण तो मेहुण्यावर निघाला नाही. "रोज तिच्या हातचं खाल्लं ना रे, हरामखोरहो!" असं ओरडून त्याने ढेकूळ उचललं.

सातही जण एकदम ओरडले. तो घोगरा, खरखरीत आवाज सूर्यभानच्या ओळखीचा होता. तो शिडीला हात लावायचा तेव्हा ते असेच ओरडत. ढेकूळ त्याच्या हातातून गळून पडलं.

"किसनराव," तो हळूच म्हणाला, "तिचं काईच नाई राह्यलं. हे मले ओळखतेत."

"डोस्क्यावर केस नाई, मिशी नाई. कोन ओळखन तुमाले?"

खरंच होतं. सकाळी न्हाव्याच्या आरशात सूर्यभानला स्वतःचीच ओळख पटली नव्हती. "हे ओळखतेत," तो म्हणाला. "मी इथं हाओ तोवर तिची सुटका नाई."

"कर्त्यानं जागा सोडू नये," गुरुजी म्हणाले.

"बावीस वर्षं दर जेवणाच्या टायमाले खांबावर होतो, गुरुजी. तिले सवय हाये."

वर्षाली काही बोलायला गेली आणि नुसतीच रडू लागली. सूर्यभानने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो अनवाणी, उघड्या अंगाने काठ चढून गेला. रस्त्यावरचं डांबर पायाला चटके देत होतं. एक डोमकावळा झाडावरून उडून त्याच्या मागे आला आणि वरच्या तारेवर बसून त्याला न्याहाळू लागला.

थोड्या वेळाने खालून वर्षालीचा आवाज आला. "बाबा! शिवला! दोघं आले!"

एकदा तरी बघावं म्हणून त्याचा जीव तुटत होता. पण तो वळला असता तर ते उडाले असते. तो घाटाकडे पाठ करून तसाच उन्हात उभा राहिला, त्यांचं खाऊन होईपर्यंत.